दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था: साठ वर्षांचा वृत्तांत

१ जानेवारी १९६६ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अस्तित्वात आली, तेव्हा तिच्यापाशी स्वतःची वास्तू नव्हती, स्वतःचे जहाज नव्हते, आणि तिचे मुख्य दप्तर तर समुद्रापासून शेकडो कोस दूर, दिल्लीस होते. तथापि नवजात संस्थेला क्वचितच लाभावी अशी एक ठेव तिच्या पदरी होती. नुकत्याच समाप्त झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत जमा झालेल्या नमुन्यांचा व नोंदींचा मोठा वाटा आणि त्या मोहिमेच्या जहाजांवर तयार झालेली तरुण भारतीय शास्त्रज्ञांची एक पिढी, अशी ती ठेव होती. अनेक राष्ट्रांच्या एकत्रित उद्योगातून झालेला हा जन्म संस्थेच्या पुढील साठ वर्षांच्या वाटचालीत इतका खोल मुरलेला दिसतो की, तिचा वृत्तांत स्थापनेच्या ठरावापासून आरंभण्यापेक्षा त्या मोहिमेपासून आरंभणे हेच न्याय्य होय.

आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनांच्या परिषदेने नेमलेली महासागर संशोधनाची विशेष समिती १९५७ साली अमेरिकेतील वुड्स होल येथे प्रथम भरली, तेव्हा तिने तीन दूरगामी प्रश्न विचारासाठी पुढे ठेवले: वाढत्या मनुष्यसंख्येला समुद्रातून किती अन्न मिळू शकेल, टाकाऊ द्रव्ये खोल समुद्रात लोटणे कितपत निर्धोक आहे, आणि हवामानाच्या दीर्घकालीन परिवर्तनात महासागराचा वाटा कोणता. या तिन्ही प्रश्नांविषयी सर्वांत अल्प माहिती जेथे होती तो हिंदी महासागर होता. १९३३-३४ साली भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे माजी संचालक सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजाने अरबी समुद्राचे अवलोकन केले होते, आणि इतरही काही जहाजे या पाण्यातून वाटेवर असताना मापने घेऊन गेली होती. परंतु एवढ्या विस्तीर्ण जलाशयाच्या मानाने ते सारे तुटपुंजे होते. शिवाय या महासागराचे एक वैशिष्ट्य असे की, उत्तरेस तो भूमीने बंदिस्त असून वर्षातून दोनदा त्याच्यावरील वारे, आणि वाऱ्यांमागोमाग त्याच्या पृष्ठावरील प्रवाह, आपली दिशा उलटी करतात. वारा बदलला असता समुद्र किती काळाने व कोणत्या रीतीने बदलतो हे पाहावयाचे असेल, तर निसर्गाने मांडलेली यापेक्षा योग्य प्रयोगशाळा अन्यत्र नाही. आपल्या शेतीचे भवितव्य ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून, त्यांचे बाष्प याच समुद्रावरून येते, हे कोकणातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

युनेस्कोच्या आश्रयाने १९६० साली आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोग स्थापन झाला, आणि त्या विशेष समितीने आखलेल्या मोहिमेची सूत्रे पुढे त्याच्या हाती आली. १९६५ च्या अखेरीपर्यंत चाळिसांहून अधिक जहाजे या कामी तैनात झाली. सोव्हिएत रशियाचे 'वित्याझ', ब्रिटनचे 'डिस्कव्हरी', पश्चिम जर्मनीचे 'मिटिओर', अमेरिकेचे 'अटलांटिस-२', जपानचे 'उमिताका मारू', ऑस्ट्रेलियाचे 'डायमँटिना' ही त्यांपैकी काही. अमेरिकेच्या अध्यक्षांची 'विल्यम्सबर्ग' नावाची विहारनौका होती. तिचे रूपांतर संशोधननौकेत करून, आयोगाचे पहिले अध्यक्ष असलेल्या दिवंगत डॅनिश शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ तिला 'आन्तोन ब्रून' हे नाव देण्यात आले, आणि तिच्या सफरींसाठी मुंबई हे एक प्रमुख बंदर ठरले. शीतयुद्धाचा तो काळ. क्युबाच्या पेचप्रसंगाने जग विनाशाच्या कड्यापर्यंत गेले असता अमेरिकन व रशियन शास्त्रज्ञ एकाच महासागराची मोजणी आपसांत वाटून घेत होते, आणि भारताच्या जोडीस पाकिस्ताननेही आपली नौका या कामी धाडली होती. भारतावर तर त्या मुदतीत दोन युद्धप्रसंग ओढवले. असे असूनही भारतीय नौदलाने 'किस्तना' ही आपली युद्धनौका वैज्ञानिकांच्या स्वाधीन केली, केरळ विद्यापीठाची 'काँच' आणि भारत-नॉर्वे प्रकल्पाची 'वरुणा' या लहान नौका तिच्या साहाय्यास आल्या, आणि तोफांच्या जागी पाण्याच्या कुप्या हाताळणारे तरुण त्या जहाजावर वावरू लागले. या पाच वर्षांत आपल्या देशात समुद्रविज्ञानाने जितकी मजल मारली, तितकी त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांतही मारली नव्हती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोहिमेच्या दोन शाखा भारताच्या भूमीवर रुजल्या आणि त्या दोहोंचा उल्लेख येथे विस्ताराने करणे अगत्याचे आहे.

पहिली शाखा कोचीनची. समुद्रात तरंगणारे सूक्ष्म व लहान प्राणी, ज्यांस प्राणिप्लवक म्हणतात, ते माशांचे मुख्य भक्ष्य. तेव्हा कोणत्या भागात ते विपुल आणि कोठे विरळ, हे कळल्याखेरीज मत्स्यसंपत्तीचा अदमास करणे अशक्य. पूर्वीच्या सफरींची अडचण अशी होती की, प्रत्येक देशाची जाळी निराळी, तिचे भोक निराळे, ओढण्याची खोली निराळी. परिणामी एकाच्या आकड्यांची दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलनाच होत नसे. म्हणून या मोहिमेत सर्व जहाजांनी एकाच मापाचे प्रमाण जाळे, एक चौरस मीटर तोंडाचे, दोनशे मीटर खोलीपासून सरळ वर ओढावे असा निर्बंध घालण्यात आला, आणि ते सारे नमुने एकाच ठिकाणी निवडले जावेत यासाठी कोचीन येथे हिंदी महासागर जैविक केंद्र उघडण्यात आले. कोणत्याही ध्वजाखालील जहाजाने ओढलेले प्रमाण जाळे असो, त्याचा नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत बंद होऊन कोचीनला येऊ लागला. अशा बाटल्यांची संख्या जवळजवळ दोन हजारांपर्यंत गेली.

त्या केंद्रातील काम कसे चाले हे आजच्या वाचकाने क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. बाटलीतील द्रव्याचे प्रथम आकारमान मोजावयाचे, मग त्याचे समान भाग पाडून एक भाग उथळ काचपात्रात ओतावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक जीव बाजूस काढावयाचा. कोपेपॉड एकीकडे, बाणकृमी दुसरीकडे, माशांची अंडी व पिले तिसरीकडे, शंखवर्गातील तरंगते जीव आणखी कोठे. डोळ्यांस फॉर्मेलिनची झोंब, मान अवघडलेली, आणि एका नमुन्यातील जीवांची संख्या कित्येक हजार. निवडलेले समूह मग त्या त्या प्राण्यांच्या तज्ज्ञांकडे, मग ते कोणत्याही देशातील असोत, रवाना होत. आणि त्यांच्या अभ्यासावरून या महासागराच्या जीवसृष्टीचे नकाशे छापले गेले. सुईने जीव वेचणाऱ्या त्या तरुण-तरुणींची नावे फारच थोड्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर आली. परंतु पुढे या केंद्राचे रूपांतर संस्थेच्या कोची येथील प्रादेशिक केंद्रात झाले, तेव्हा त्यांपैकी अनेकांचा अनुभव संस्थेच्या कामी आला, आणि 'मापन सर्वांचे सारखे असेल तरच ते सर्वांच्या उपयोगी' हा त्यांनी अंगी बाणवलेला नियम संस्थेच्या प्रत्येक खात्यात उतरला.

दुसरी शाखा मुंबईची. कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेच्या आवारात १९६३ साली आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले. हवाई विद्यापीठाचे प्राध्यापक कॉलिन रॅमेज हे त्याचे प्रणेते. जहाजांकडून, विमानांकडून व किनाऱ्यावरील ठाण्यांकडून येणारी हवेची निरीक्षणे तेथे एकत्र केली जात, आणि ती पडताळून पाहण्यासाठी आयबीएम कंपनीचा एक संगणकही तेथे बसविण्यात आला. आपल्या देशात असे यंत्र पाहावयास मिळणे त्या काळी दुर्मीळ होते. मोसमी पावसाचे कोडे केवळ जमिनीवरील पर्जन्यमापकांनी सुटणार नाही, त्यासाठी समुद्राच्या पाठीवरची हवा व पाणी ही दोन्ही एकाच वेळी मोजली पाहिजेत, हा विचार भारतीय हवामानशास्त्रात पक्का झाला तो या केंद्राच्या कारकिर्दीत.

मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाचे संचालक डॉ. एन. के. पणिक्कर हेच नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले. मत्स्यविज्ञानात आयुष्य वेचलेल्या या गृहस्थांची दूरदृष्टी अशी की, मोहीम संपल्यावर जहाजे आपापल्या देशी परततील, परंतु माणसे पांगली तर सर्व श्रम व्यर्थ जातील, हे त्यांनी वेळेवर ओळखले आणि कायम स्वरूपाच्या संस्थेसाठी शासनदरबारी पाठपुरावा केला. साठीच्या दशकाच्या अखेरीस संस्थेचे मुख्य ठाणे गोव्यात आले. गोवा मुक्त होऊन तेव्हा दशकही लोटले नव्हते. काही काळ पणजी-मिरामार परिसरात काढून संस्था दोनापावलच्या पठारावर स्थिरावली. मांडवी व जुवारी या दोन नद्या जेथे आपले पाणी समुद्राच्या सुपूर्द करतात, त्या दोन मुखांच्या मधल्या भूशिरावरील या जागेहून सोयीची जागा समुद्राच्या अभ्यासकांना मिळणे कठीण होते. मुंबई, कोची व विशाखापट्टणम येथे प्रादेशिक केंद्रे उभी राहिली.

पणिक्करांनंतर डॉ. सय्यद झहूर कासिम यांनी संस्थेची धुरा घेतली. त्यांच्या काळात 'गवेषणी' हे संस्थेचे पहिले खोल समुद्रात जाणारे जहाज मिळाले. कलकत्त्याच्या गोदीत गाळवाहू नौकेचे परिवर्तन करून घडविलेले हे जहाज दिमाखदार नव्हते, परंतु २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरील बहुधात्विक गोळे त्यानेच वर आणले, आणि त्या कामगिरीच्या बळावर पुढे १९८७ साली भारतास आंतरराष्ट्रीय समुद्रतळात अग्रगामी गुंतवणूकदाराचा दर्जा प्राप्त झाला. कासिम यांच्याच नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. जर्मनीत बांधलेले 'सागर कन्या' हे जहाज १९८३ मध्ये दाखल झाले, आणि २०१४ साली 'सिंधु साधना' हे संस्थेच्या मालकीचे जहाज सेवेत रुजू झाले. या पराक्रमांची वर्णने अन्यत्र पुष्कळ झाली आहेत; तेव्हा त्यांचा एवढाच निर्देश पुरे.

ज्या कामाचा गाजावाजा झाला नाही त्याकडे आता वळू. ऐंशीच्या दशकापासून डॉ. सतीश शेट्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या किनारी प्रवाहांचा जो अभ्यास केला, त्यातून एक महत्त्वाचा सिद्धांत पुढे आला. अमेरिकेतील ज्युलियन मॅक्रिअरी आदी शास्त्रज्ञांच्या गणिती प्रतिमानांनी त्यास पुष्टी मिळाली. बंगालच्या उपसागरावर वाऱ्याने केलेला फेरफार तेथेच विरून जात नाही. तो किनाऱ्याला बिलगून, किनारा उजव्या हातास ठेवून प्रवास करतो, श्रीलंकेला वळसा घालतो, आणि काही आठवड्यांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील पाण्याची पातळी व प्रवाह यांत प्रकट होतो. अर्थात रत्नागिरीच्या वा कारवारच्या समुद्रात आज जे घडत आहे, त्याचे कारण कित्येकदा दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात असते. हा सिद्धांत एकदा मान्य केला की, कोणत्याही एका राष्ट्राने आपल्या सरहद्दीपुरता समुद्र मोजून भागणार नाही, हे तर्काने ओघानेच येते. सौजन्य किंवा परराष्ट्रनीती यांच्याही आधी समुद्राचे गतिशास्त्रच सहकार्याची मागणी करते.

असेच चिकाटीचे दुसरे उदाहरण गोव्यातील कांदोळीच्या समुद्राचे. १९९७ पासून संस्थेचे अभ्यासक तेथे किनाऱ्यापासून काही मैलांवरील एका ठरावीक जागी नियमाने होडी नेतात आणि पृष्ठापासून तळापर्यंतचे पाणी कुप्यांत भरून घेतात. प्राणवायू मोजण्याची रीत जुनी व सोपी आहे: कुपीतील पाण्यात होडीवरच दोन रसायने सोडावयाची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. मुळीच नसेल तर साका पांढराच राहतो. वैशाखात या कुप्या वरपासून खालपर्यंत तपकिरी असतात. पावसाळ्यात तळचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकू लागते, त्यावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो, आणि भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास तळच्या कुपीत पांढरा साका दिसू लागतो. कुपीचे बूच काढताच सडक्या अंड्यांसारखा दर्प येतो. डॉ. वाजिह नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा किनाऱ्यालगतचा, निसर्गतः निर्माण होणारा, प्राणवायूच्या दुर्भिक्षाचा जगातील सर्वांत मोठा पट्टा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, ही गोष्ट जगापुढे आली. तांडेलांना याचा अनुभव पिढ्यान् पिढ्या होता. काही दिवसांत तळची मासळी एकाएकी उथळ पाण्यात का येते, आणि मग काही दिवस जाळी रिकामी का निघतात, हे ते जाणत होते. त्या अनुभवाला आता मापाचा आधार मिळाला.

यापुढील प्रकरण दुःखाचे आहे.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप होऊन त्याची लाट सकाळी मुंबईपर्यंत पोहोचली होती आणि तिने मुंबईत पंधरा बळी घेतले होते. हवामान खात्याचे सी. जी. पेंडसे यांनी त्या भूकंपाचा वृत्तांत लिहून ठेवला होता. त्याहूनही आधी, १८८१ च्या अखेरीस कार निकोबारनजीकच्या भूकंपाने उठलेली लाट भारतीय सर्वेक्षण खात्याच्या भरतीमापकांनी कागदावर रेखली होती. म्हणजे या महासागरात अशा लाटा उठतात याचा दाखला आपल्या दप्तरात होता. तरीही पॅसिफिक महासागरातील राष्ट्रांनी १९४९ पासून इशाऱ्याची व्यवस्था चालविली असता हिंदी महासागरात तशी कोणतीही व्यवस्था नव्हती. २६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रानजीक समुद्रतळ हादरला. अंदमान-निकोबारला लाट अल्पावधीत पोहोचली, तेथे पूर्वसूचनेस अवसर फार थोडा होता. परंतु तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ती पोहोचण्यास दोन तासांहून अधिक काळ लागला, आणि त्या दोन तासांत नागपट्टिणमच्या कोळीवाड्यात कोणी हाकाटी करावयास गेले नाही. निरनिराळ्या देशांतील सुमारे दोन लक्ष तीस हजार माणसे त्या दिवशी गेली. भारतात मृतांची संख्या दहा हजारांवर होती. ज्ञान दप्तरात असणे आणि ते किनाऱ्यावरच्या माणसापाशी वेळेवर पोहोचणे यांत किती मोठे अंतर असते, ते त्या सकाळी दिसले, आणि समुद्रविज्ञानाच्या प्रत्येक संस्थेने ते अंतर आपले उत्तरदायित्व मानले पाहिजे.

त्या लाटेची एक नोंद या संस्थेच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखी आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, घाना देशातील ताकोराडी बंदरात, दोनापावल येथे सिद्ध केलेले एक भरतीमापक यंत्र आंतरराष्ट्रीय सहकार्याने बसविण्यात आले होते. सुमात्राजवळ उठलेली लाट हिंदी महासागर ओलांडून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून, अटलांटिक महासागरात शिरली व क्षीण होत होत त्या बंदरात पोहोचली, आणि त्या यंत्राने ती टिपली. डॉ. अँटनी जोसेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी घानातील अधिकाऱ्यांसमवेत त्या नोंदीवर निबंध प्रसिद्ध केला. आपल्या अभियंत्यांच्या हातचे यंत्र परक्या बंदरात इमानाने काम करीत होते, आणि आपल्याच किनाऱ्यावर मात्र त्याच क्षणी पाहता येईल अशी नोंद देणारे यंत्र नव्हते, ही गोष्ट संस्थेतील त्या मंडळींच्या मनास किती लागली असेल याची कल्पना करता येते.

त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थेची पथके आग्नेय किनाऱ्यावर हिंडली. लाट किती उंच चढली, किती आत शिरली, हे भिंतींवरील पाण्याच्या रेषांवरून व वाचलेल्यांच्या सांगण्यावरून त्यांनी गावोगाव मोजले. वाळूच्या टेकड्या जेथे अभंग होत्या तेथे पाणी अडले, आणि नदीमुखांच्या वाटेने ते आत दूरवर शिरले, असे आढळले. टेकड्या सपाट करून किनाऱ्यावर बांधकामे उठविणाऱ्यांनी, आमच्या कोकण-गोव्यातील बांधकामवाल्यांसह, हे अहवाल अवश्य वाचावेत.

दोनापावलच्या उपकरणशाळेने मग स्वस्त, साधे आणि भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून दर काही मिनिटांनी पाण्याची पातळी कळविणारे यंत्र तयार केले. मांडवीच्या तीरावर वेरे येथील धक्क्यावर ते बसविण्यात आले, पुढे लक्षद्वीपातील कवरत्तीवर व इतर बंदरांत तशी यंत्रे गेली, आणि त्यांचे आलेख महाजालावर कोणासही पाहता येतील असे उघडे ठेवण्यात आले. १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला. त्या रात्री वेरेच्या आलेखावर जी लाट उमटली ती हातभरही उंच नव्हती. परंतु गोव्याच्या किनाऱ्यावर येणारी त्सुनामी येत असतानाच दिसावी, हा प्रसंग पहिलाच. त्यानंतर महिनाभरातच, १५ ऑक्टोबर २००७ रोजी, हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात त्सुनामी पूर्वसूचना केंद्र उघडण्यात आले. आंतरशासकीय आयोगाच्या छत्राखाली किनारी राष्ट्रांनी जी व्यवस्था उभारली, तीत १२ ऑक्टोबर २०११ पासून ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया व भारत या तीन देशांच्या केंद्रांनी सबंध महासागरास सूचना देण्याची जबाबदारी स्वीकारली. पुढच्याच एप्रिलमध्ये सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. लाट किरकोळ होती, परंतु तिन्ही केंद्रे एकाच घटनेत एकदम कसोटीस उतरली.

या व्यवस्थेच्या पाठीशी असलेले मापनाचे जाळे सर्व राष्ट्रांचे आहे. आर्गो नावाच्या कार्यक्रमातील सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगती यंत्रे जगाच्या समुद्रांत दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि पाण्याचे तापमान व क्षारता उपग्रहाद्वारे कळवितात; ती माहिती कोणाचीही खाजगी मालमत्ता नाही. विषुववृत्तालगत नांगरलेल्या बोयांची जी रांग २००४ पासून उभी राहिली, तिचे बोये अमेरिकेतील सिएटलच्या प्रयोगशाळेतून आले, परंतु ते समुद्रात सोडण्यास व पुन्हा उचलण्यास भारतीय, जपानी, इंडोनेशियन अशा अनेक देशांची जहाजे लागली. जुन्या ठेवीचेही मोल या काळात उमगले. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. ती व इतर बंदरांच्या नोंदी तपासून संस्थेच्या डॉ. उन्नीकृष्णन व डॉ. शंकर यांनी २००७ साली दाखवून दिले की, उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर समुद्राची पातळी दर वर्षी सरासरीने सुमारे १.३ मिलिमीटर वाढत आली आहे. बंदरखात्याचे जे कारकून सव्वाशे वर्षे त्या यंत्राचा कागद बदलत राहिले, त्यांच्या परिश्रमाखेरीज हा निष्कर्ष निघू शकला नसता.

तरीही काम पुरे झाले असे कोणी समजू नये. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वेरे व कारवार येथील यंत्रांनी समुद्राचा फुगवटा बिनचूक नोंदविला. परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कित्येक होड्या त्या वेळी खोल दर्यात होत्या, आणि त्यांतल्या काही परत आल्या नाहीत. यंत्रापासून केंद्रापर्यंतचा मार्ग काही मिनिटांचा झाला आहे; केंद्रापासून होडीपर्यंतचा मार्ग अजून लांब आहे. ओडिशातील व्यंकटरायपूर व नोलियासाही या दोन गावांनी तो आपल्या परीने आखडता केला. पळण्याच्या वाटा आखून, गावकऱ्यांच्या समित्या नेमून, वारंवार तालीम घेऊन त्यांनी २०२० साली युनेस्कोकडून 'त्सुनामीसाठी सज्ज' ही मान्यता मिळविली. कोकणातील ग्रामपंचायतींनी या दोन गावांचा कित्ता गिरवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्या मोहिमेस अर्धशतक झाले, त्या निमित्ताने दोनापावल येथे नाना देशांचे शास्त्रज्ञ जमले आणि दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा तेथेच आरंभ झाला. 'सागर निधी' हे भारतीय जहाज ४ डिसेंबर रोजी गोव्याहून मॉरिशसकडे निघाले. पहिल्या मोहिमेत ज्या देशाने एक युद्धनौका व काही छोट्या नौका दिल्या, त्याच देशाच्या बंदरातून दुसऱ्या मोहिमेचा नांगर उचलला गेला, याचे श्रेय पणिक्करांपासूनच्या सर्व पिढ्यांना आहे.

शेवटी दर्यावर जाणाऱ्या वाचकांस एक मागणे. खोल समुद्रात नांगरलेला पिवळा बोया दिसला तर त्याला होडीचा दोर बांधू नये, त्याच्या आसऱ्याने जमणाऱ्या मासळीसाठी त्याच्याभोवती जाळे टाकू नये, आणि त्याची दिव्याची किंवा सौरपत्र्याची सामग्री काढून आणू नये. वाहत किनाऱ्यास लागलेला बोया आढळला तर तो तसाच ठेवून तटरक्षक दलाला किंवा जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे. बोया मुका झाला तर त्या जागेची खबर कोणालाच मिळत नाही, आणि तो पुन्हा सुरू करण्यासाठी जहाज पाठवावयास कित्येकदा महिने लागतात.